कॅमेऱ्यावरचा टॉवेल



सांगलीच्या गावभागात माझी आत्या एकटी राहते. वय एकोणऐंशी. मिरजेच्या एका दवाखान्यात तिने एकतीस वर्षे नर्स म्हणून काम केले. (डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे हॉस्पिटल काढले तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले आहे. या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांत एखादी तरी नर्स सापडते, त्याचे एक कारण हेही असावे.) आतोबा पाच वर्षांपूर्वी देवाघरी गेले. मुलगा मस्कतला. मी साताऱ्याला, म्हणजे तिच्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, आणि नातेवाइकांत सर्वांत जवळचा मीच.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आत्या न्हाणीघरात घसरून पडली. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा. पण उठता येईना. जवळजवळ तीन तास ती ओल्या फरशीवर पडून होती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तेव्हा कळले. मुलगा दहा दिवसांची रजा काढून आला आणि जाण्यापूर्वी त्याने स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली दोन्ही दिसतील अशा बेताने भिंतीवर एक छोटा कॅमेरा बसवला. मस्कतला बसून मोबाईलवर घर दिसते, बोलताही येते. शिवाय गळ्यात घालायचे एक बटण आणले. पडल्यावर दाबले की आम्हा दोघांचेही फोन वाजतात. कॅमेरा बसवताना स्टूल मी धरले होते, हे आधीच सांगून टाकतो.

दीड महिन्याने मस्कतहून फोन आला. "दादा, आईने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलाय. चार दिवस झाले. ऐकतच नाही. तू जाऊन तिला समजाव."

मी समजावायला गेलो. वाटेत एस.टी.मध्ये मनाशी वाक्ये जुळवत होतो. पहिले वाक्य असे होते, की आत्या, काळ बदलला आहे, आपणही बदलायला हवे. आपण सगळेच ज्येष्ठांना हे ऐकवतो. म्हाताऱ्या माणसांना नवीन काही नको असते, यंत्राची भीती वाटते, हट्टीपणा असतो, असे आपण धरूनच चालतो. कऱ्हाड येईपर्यंत मलाच त्याची शंका येऊ लागली.

एक साधी गोष्ट बघा. कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या मोटारी नदीवर नाहीतर विहिरीवर असतात आणि शेतीची वीज पुष्कळदा रात्री-अपरात्री येते. पूर्वी बॅटरी घेऊन अंधारात बांधावरून जावे लागे. साप, चिखल, शॉक, सगळेच भय. मग मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारे स्टार्टर आले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे 'नॅनो गणेश' हे त्यांतले गाजलेले नाव. घरून फोन लावायचा, मोटार चालू. सत्तरीतले आजोबा, ज्यांना नातू मोबाईल हातात देत नाही, तेही हे झटक्यात शिकले. त्यांचे मन तयार करायला कोणाला व्याख्यान द्यावे लागले नाही.

आपले सातारा तर पेन्शनरांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचा. २०१४ पासून तो अंगठा टेकवून संगणकावर देता येऊ लागला. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, विळा-खुरपे चालवलेल्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात, आणि यंत्र म्हणते, हा माणूस तुम्ही नाही. २०२१ पासून मोबाईलसमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. ज्या आजी फोटोला उभ्या राहायला लाजतात, त्या या कामासाठी मोबाईलपुढे डोळे मोठे करून बसतात, सांगितल्यावर पापणीही लववतात. वर्षातून एकदा, स्वतःच्या पेन्शनसाठी, स्वतःहून.

आणि खुद्द आत्या! ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आतोबा अंथरुणाला खिळलेले होते. आत्या रात्रंदिवस मोबाईलवर दोनच आकडे बघत होती: कोयनेतून किती पाणी सोडले आणि आयर्विन पुलाजवळ पातळी किती झाली. तिथे इशारा चाळीस फुटांवर आणि धोका पंचेचाळीस फुटांवर मानतात. २००५ चे पाणी जिथवर आले होते त्यापुढे येणार नाही, असे पुष्कळांना वाटत होते. आत्याने अडतिसाव्या फुटालाच रिक्षा बोलावली आणि आतोबांना विश्रामबागेत नणंदेकडे हलवले. लोक हसले. पुढे पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले, आणि तिच्या घरात माळ्यापर्यंत चिखल होता.

ही बाई यंत्राला घाबरते, असे मी कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

तेव्हा प्रश्न यंत्राचा नव्हता. पुलाजवळचा आकडा आत्याला नदीबद्दल सांगत होता आणि पुढे काय करायचे ते तिच्यावर सोडत होता. मोटारीचा स्टार्टर शेतकऱ्याची आज्ञा पाळतो. भिंतीवरचा कॅमेरा आत्याला काहीच सांगत नाही. तो आत्याबद्दल दुसऱ्याला सांगतो. दिसायला दोन्ही सारखीच, प्लॅस्टिकची, चिनी बनावटीची, वायफायवर चालणारी. पण एक तिचा नोकर आहे, आणि दुसरा तिच्यावर नेमलेला.

आता मला एक कबुली द्यायची आहे. तो कॅमेरा माझ्याही मोबाईलवर जोडलेला होता. पहिल्या आठवड्यात मी दिवसातून दोनदा बघत असे: आत्या दिसली, ठीक आहे, बंद. मग सवय लागली. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, कंटाळा आला की उघडायचे. एका दुपारी आत्या आतोबांच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसली होती आणि त्यांच्याशी बोलत होती. आवाज चालू होता. मी लगेच बंद करायला हवे होते. केले नाही. दोन-तीन मिनिटे ऐकत राहिलो. काय ऐकले ते इथे लिहिणार नाही. ते माझे नाही.

पापनिवेदनाला जाण्यापूर्वी मी विचार करत बसलो, की हे कोणत्या आज्ञेखाली सांगायचे? चोरी म्हणावी तर नेले काय? घरातली एक वस्तू हलली नव्हती. तरी तिच्या घरातून काहीतरी मी उचलून आणले होते, एवढे नक्की. शेवटी मी ते चौथ्या आज्ञेखाली घातले. आईवडिलांचा मान राखण्याची ती आज्ञा आपण लहानपणी पाठ केली. त्यात त्यांच्यावर नजर ठेवण्याविषयी काही नाही.

सांगलीला पोचल्यावर समजावणे बाजूलाच राहिले. आत्याने चहा टाकला. टॉवेल कॅमेऱ्यावर तसाच होता, जुना, विरलेला. मी त्या दुपारबद्दल तिला सांगून टाकले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो डोकं वळवतो तेव्हा बारीक आवाज येतो. कुणीतरी बघतंय एवढं कळतं. कोण, ते कळत नाही. तू, का तो, का आणखी कोण." आणि थोड्या वेळाने, "मी एकतीस वर्षं नाइट ड्यूटी केली बाळा. दर अर्ध्या तासाला वॉर्डात फेरी असायची. पेशंट झोपलेत का, सलाईन चाललंय का, सगळं बघायचे मी. पण मी दारातून आत जायचे. मी त्यांना बघायची तेव्हा तेही मला बघायचे."

मराठीत आपण 'लक्ष देणे' म्हणतो आणि 'लक्ष ठेवणे'ही म्हणतो. रोजच्या बोलण्यात दोन्हींची सरमिसळ होते. पण आजाऱ्याकडे लक्ष देतात आणि गड्यावर लक्ष ठेवतात. 'काळजी घेणे' आणि 'काळजी करणे' यांचेही असेच आहे. काळजी करणारा मस्कतला असू शकतो, साताऱ्यालाही असू शकतो. काळजी घ्यायची तर कोणीतरी दारातून आत यावे लागते. कॅमेऱ्याने आत्याच्या मुलाची काळजी कमी झाली, हे खरे आहे; आणि मला वाटते, प्रामाणिकपणे बघितले तर तो त्यासाठीच आणला होता.

याहून वाईट गोष्ट मला काकूंकडून कळली. ज्या काकूंमुळे त्या दिवशी आत्या सापडली, त्या रोज दुपारी चारला तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. भाजी निवडणे, सुनेची गाऱ्हाणी, सगळे तिथे. कॅमेरा लागल्यावर त्यांचे येणे कमी झाले. एकदा त्या सुनेबद्दल बोलत असताना भिंतीतून आवाज आला, "आई, गोळी घेतलीस का?" आत्याच्या हातातले पातेले खाली पडले. काकूंनी पदर सावरला आणि त्या निघून गेल्या. त्यांना कोणी विचारले होते का? धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना विचारले होते का? आम्ही भिंतीवर राखणदार बसवला आणि खरी राखण करणारीला उठवून लावले.

(असला प्रकार साताऱ्यातही पाहिला. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी धर्मगुरूंबरोबर मी अधूनमधून घरोघरी जातो. एका घरी प्रार्थना संपताच कपाटावरून पुरुषी आवाजात मोठ्याने 'आमेन' ऐकू आले. फादर दचकले. आजी शांतपणे म्हणाल्या, "माझा धाकटा. बंगळूरला असतो." त्या आजींची मात्र काही तक्रार नव्हती. उलट त्यांना सोबत वाटते. तेव्हा सर्वांना एकच माप लावू नये हेही खरे.)

उत्पत्तीच्या पुस्तकातला म्हातारा इसहाक आपल्याला माहीत आहे. दृष्टी गेलेली. थोरल्याला आशीर्वाद द्यायचे त्याच्या मनात आहे, आणि बायकोने नि धाकट्याने मिळून दुसरेच ठरवलेले. याकोब हाताला करडाची कातडी बांधून पुढे येतो. इसहाकाला शंका येते, आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे असे त्याला वाटते; तो चाचपून बघतो, पुन्हा विचारतो, आणि फसतो. या गोष्टीवर आपण प्रवचने ऐकतो ती आशीर्वादाविषयी आणि देवाच्या योजनेविषयी. मला अलीकडे तो म्हाताराच दिसतो. रिबेकेला वाईट करायचे नव्हते. तिच्या समजुतीने ती घराचे भलेच करत होती. फक्त ज्याचे घर त्याला विचारायचे तिने टाळले, कारण तो 'नाही' म्हणेल हे तिला ठाऊक होते. पुढे त्या घराचे काय झाले तेही आपण वाचतो. याकोबाला पळून जावे लागले आणि वीस वर्षे तो परतला नाही.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की लेखकाने आत्याचीच बाजू घेतली. तसे नाही. ओल्या फरशीवरचे ते तीन तास मी विसरलेलो नाही. तिच्या मुलाला मस्कतला झोप लागत नव्हती, तीही खोटी नाही. 'माझे घर, माझी मर्जी' असे म्हणणाऱ्या माणसाच्या मर्जीचा खर्च पुष्कळदा दुसरेच कोणी भरत असते: शेजारी, भाचा, रजा मिळत नसलेला मुलगा. आत्याला मी हेही बोललो. शिवाय ती गळ्यातले बटण घालतच नव्हती. ते खिळ्याला, जपमाळेच्या शेजारी लटकत होते. "पडशील तेव्हा खिळा दाबणार का?" असे मी विचारले, आणि त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. बटण ती दाबेल तेव्हाच वाजते. ते कोणाला काही चोरून सांगत नाही. त्याला नाही म्हणण्यात अभिमानाखेरीज मला काही दिसले नाही, आणि नर्स असलेल्या माणसाला परावलंबी होण्याची फार लाज वाटते हे मी आमच्या घरात पाहिले आहे. प्रभूने पेत्राला सांगितले होते, की तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवे तिकडे जात होतास, म्हातारपणी हात पुढे करशील आणि दुसरा कोणी तुला नेईल. ते पेत्राच्या मरणाविषयी होते असे शुभवर्तमान सांगते. पण ऐंशीच्या घरातल्या कोणालाही ते आपल्याविषयी वाटावे. हात पुढे करणे हेही शिकावे लागते.

आणि दुसरे. आज आत्या शुद्धीत, खमकी, 'हो' आणि 'नाही' म्हणू शकणारी आहे. उद्या विसरभोळेपणा वाढला, गॅस चालू राहू लागला, तर प्रश्न बदलेल. तेव्हा कॅमेराही लागेल कदाचित. ते कसे करायचे, हे तिला आजच विचारून ठेवले पाहिजे. आपल्याकडे मृत्युपत्राची गोष्ट काढणेच अशुभ मानतात, तर ही कोण काढणार? पण मी काढली. आत्या हसली. म्हणाली, "गॅस दोनदा चालू राहिला की माझं डोकं गेलं समज. मग टॉवेल तू काढ." तिने ते एका वहीत लिहून, तारीख घालून, सही केली. एकतीस वर्षे केस पेपर लिहिल्याची सवय.

जपानमध्ये झोजिरुशी नावाची भांडी बनवणारी कंपनी आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी त्यांनी २००१ साली एक किटली काढली. आजीने चहासाठी पाणी ओतून घेतले की दूरच्या मुलाला त्याचा निरोप जातो. एवढेच. आजी काय नेसली आहे, कोणाशी बोलते, रडते का, यातले काही नाही. आज सकाळी तिने चहा घेतला, हे कळते. मी आत्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती लगेच म्हणाली, "त्याला किटली कशाला? मी मिस्ड कॉल देईन."

तेव्हा असे ठरले. सकाळचा चहा झाला की साडेसातच्या आत मला मिस्ड कॉल आणि मस्कतला व्हॉट्सॲपवर एक फुलाचे चित्र. पावणेआठपर्यंत आले नाही तर मी काकूंना फोन करायचा. त्यांच्याकडे किल्ली आहे. बटण गळ्यात, निदान न्हाणीघरात जाताना तरी. (हे शेवटचे ती पाळते की नाही, याची मला शंका आहे.) न्हाणीघराला धरायला लोखंडी दांडा लावला आणि खरखरीत फरशी घातली. खर्च कॅमेऱ्याच्या आसपासच आला, आणि ते आम्हाला आधी सुचले नाही याची लाज वाटते. ज्येष्ठांसाठी सरकारची १४५६७ ही मदतवाहिनी आहे, तो नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवला. तुमच्या घरीही चिकटवून ठेवा. कॅमेरा मी माझ्या मोबाईलवरून काढून टाकला.

मुलाशी बोलणे सर्वांत अवघड गेले. तो म्हणाला, "दादा, तू सव्वाशे किलोमीटरवर आहेस, तुला सोपं आहे." त्याचे बरोबर आहे. मी वाद घातला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, म्हणजे दहांमागे एक. त्यांतल्या कितींची मुले पुण्या-मुंबईला, आखातात, त्याहूनही दूर असतील! त्या सगळ्यांना रात्री दोन वाजता एकच भीती वाटत असणार. त्या भीतीला मी नावे ठेवणार नाही. मी त्याला एवढेच विचारले, की तुझ्या घरात तुझ्या बायकोला न सांगता असा कॅमेरा लावशील का? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आईला विचार, रविवारी तरी दिसेल का?"

गेल्या मंगळवारी पावणेआठ झाले तरी मिस्ड कॉल आला नाही. मी काकूंना फोन केला. त्या किल्ली घेऊन धावल्या. आत्या दारातच उभी होती, दूधवाल्याशी महिन्याच्या हिशेबावरून तिची जुंपली होती. काकूंनी फोन तिच्या कानाला लावला तेव्हा ती मलाच रागावली, की दोन मिनिटे धीर धरवत नाही का. काकू मग तिथेच बसल्या आणि चहा घेऊनच गेल्या.

रविवारी मिस्सा आटोपून आत्या घरी येते. जेवण, थोडी झोप. चार वाजता ती खुर्चीवर नीट बसते, केस सारखे करते आणि कॅमेऱ्यावरचा टॉवेल स्वतः काढते. मस्कतला नातवंडे वाट बघत असतात. अर्धा-पाऊण तास बोलणे चालते; धाकटी नात तिला कॅमेऱ्याचे डोके वळवून सगळे घर दाखवायला लावते. बोलणे संपले की आत्या उठते आणि टॉवेल परत टाकते. तो जुना, विरलेला आता नाही. बाजारातून तिने त्यासाठी नवा आणला आहे, निळ्या काठाचा.